जपानी रंधा कामाला लावताना

खोक्यातून काढलेला नवा कोरा कन्ना थेट लाकडावर ओढला, तर बहुतेक वेळा तो नीट कापत नाही. एका कडेने ओरबाडतो, दुसऱ्या कडेने नुसता घसरतो, तोंडात सालपटं चोंदतात. पैसे देऊन फसलो असं वाटतं. पण फसवणूक झालेली नसते. कन्ना म्हणजे जपानी सुताराचा रंधा, आणि चांगला कन्ना अर्धवट तयार अवस्थेतच विकला जातो. पातं लोहार घडवतो, ठोकळा वेगळा कारागीर कोरतो, आणि त्या दोघांची सोयरीक जुळवायचं काम वापरणाऱ्यावर सोडलेलं असतं. हे काम कसं करायचं ते इथे क्रमाने सांगतो. एक अख्खा रविवार हाताशी ठेवा. पहिल्यांदा करत असाल तर दोन.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही आधी सांगायला हवं. जपानी मंदिरांत आणि घरांत हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं, लाकूड बहुतेक वेळा उघडंच ठेवतात, त्यावर पॉलिश नाही की व्हार्निश नाही. रंध्याचा शेवटचा हात फिरला की पृष्ठभाग तयार. पॉलिश पेपर लाकडाचे तंतू खरवडतो आणि त्यांची बारीक लव उभी राहते. धारदार पातं तेच तंतू सपकन कापतं, म्हणून लाकडाला स्वतःची चकाकी येते आणि त्यावर पाणी सहज मुरत नाही. नारा शहराजवळच्या होर्यू-जी मंदिराच्या हिनोकीच्या वास्तू साधारण तेराशे वर्षं उभ्या आहेत. जगात टिकून असलेल्या लाकडी इमारतींत त्या सर्वांत जुन्या मानल्या जातात. त्या काळी आजचा ठोकळ्याचा रंधा नव्हता. भाल्याच्या पात्यासारखं ‘यारिगन्ना’ नावाचं हत्यार वापरत, आणि ठोकळ्याचा रंधा आल्यावर ते मागे पडलं. होर्यू-जीचे मुख्य सुतार निशिओका त्सुनेकाझू (१९०८–१९९५) यांनी जुन्या खांबांवरच्या खुणा पाहून ते पुन्हा घडवून घेतलं आणि वापरात आणलं. लाकडी वास्तू जपण्याच्या जपानी कौशल्यांना २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

घेताना

पहिला कन्ना ६५ किंवा ७० मिलिमीटर रुंदीच्या पात्याचा घ्या. ७० मिलिमीटरवाल्याला जपानी सुतार ‘सुनपाची’ म्हणतात. ठोकळा साधारण २८ ते ३० सेंटिमीटर लांब असतो. हे माप ना फार अवजड, ना फार चिमुकलं. छोटा घेतला तर सोपा जाईल असं वाटतं, पण छोट्या रंध्याने लांब फळी सपाट करता येत नाही, आणि शिकायचं असतं ते नेमकं हेच.

पात्याच्या पोलादाची नावं कागदावरून पडली आहेत. शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या पोलादाला ज्या रंगाच्या कागदाची खूण, ते त्याचं नाव. ‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद, ‘आओगामी’ म्हणजे निळा. पांढऱ्यात लोखंड आणि कार्बन सोडून फारसं काही नसतं. धार पटकन लागते आणि फार बारीक लागते. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम असतं. धार लावायला जरा जास्त वेळ जातो, पण ती जास्त टिकते. सागवानात वाळूचा अंश असतो आणि तो धार खातो. तुमचं बरंचसं काम सागवानावर असेल तर निळा घ्या. नाहीतर मी पांढराच सुचवेन, कारण सुरुवातीला पात्याला धार खूप वेळा लावावी लागते आणि पांढरा तिथे थकवत नाही.

ठोकळा जपानी ओकचा, ‘शिराकाशी’ किंवा ‘आकागाशी’चा असतो. जड, चिवट, घट्ट बांध्याचं लाकूड. त्यात गाठ नको. बाजूने पाहिलं तर रेषा तळाशी समांतर धावत असाव्यात, वाकड्यातिकड्या नकोत. पातं किती तिरकं बसतं तेही विचारा. नेहमीचा उतार दहाला आठ, म्हणजे साधारण ३९ अंश. आपल्याकडच्या लोखंडी रंध्यात तो बहुधा ४५ असतो. ३९ अंश हिनोकी, देवदार, पाइन अशा मऊ लाकडांसाठी उत्तम. शिसवीसारख्या कडक लाकडाला थोडा उभा कोन बरा पडतो.

आधी पातं

पातं हातात घ्या आणि उजेडाकडे तिरकं धरा. उताराच्या बाजूला, म्हणजे धारेकडे तिरक्या घासलेल्या बाजूला, दोन धातू स्पष्ट दिसतात. वरचा बराचसा भाग मऊ, मळकट करड्या लोखंडाचा. धारेलगतची अरुंद पट्टी आरशासारखी, ते पोलाद. दोन्ही लोहाराने भट्टीत एकजीव केलेले असतात. अख्खं पातं पोलादाचं असतं तर दगडावर घासता घासता हात भरून आले असते. मऊ लोखंड भराभर झिजतं, त्यामुळे कडक पोलादाची पातळ पट्टीच काय ती घासावी लागते.

आता पातं उलटं करा. पाठीच्या मध्यभागी खोलगट वाटी दिसेल. तिला ‘उरासुकी’ म्हणतात. वाटीमुळे पाठ फक्त कडांवर दगडाला टेकते आणि सपाट करणं सोपं जातं. धारेलगत एक-दोन मिलिमीटरची सपाट पट्टी आणि दोन्ही बाजूंना तशाच दोन अरुंद पट्ट्या दिसल्या, की पाठ जमली. धारेची पट्टी दोऱ्याइतकी बारीक असेल तर जपानी सुतार तिला ‘इतोउरा’ म्हणतात. इतो म्हणजे दोरा.

पाठ सपाट करायला जुनी पद्धत अशी, की सपाट लोखंडी पाटीवर चिमूटभर कठीण भुकटी आणि दोन थेंब पाणी घ्यायचं, आणि भुकटी विरून चिखल होईपर्यंत पाठ घासायची. या भुकटीला जपानीत ‘कोंगोशा’ म्हणतात. ‘कोंगो’ म्हणजे आपलं वज्र. बौद्ध ग्रंथांबरोबर तो शब्द तिकडे गेला आणि सुताराच्या पाटीवर येऊन बसला. पाटी नसेल तर सपाट हिऱ्याची प्लेट चालते. पाठ फक्त धारेजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरपुरती घासा. संपूर्ण पाठ घासत बसलात तर वाटी लवकर उथळ होईल.

मग उतार. दगड तीन लागतात: खडबडीत ४०० ग्रिटच्या (आकडा मोठा तसा दगड बारीक) आसपास, मधला १०००, शेवटचा ६००० ते ८०००. दगड सपाट नसेल तर पुढचं सगळं वाया, म्हणून दर दहा मिनिटांनी हिऱ्याच्या प्लेटवर तो सपाट करून घ्या. कन्नाचं पातं जाड असल्याने उतार रुंद असतो आणि दगडावर स्वतःहून टेकून बसतो. बोटांनी तो टेकलेला जाणवतो. ती जाणीव सोडायची नाही. कोन २८ ते ३० अंश ठेवा. १००० च्या दगडावर घासत राहा, पाठीकडून बोट फिरवल्यावर धारेच्या अख्ख्या रुंदीत बारीक उलटलेली किनार हाताला लागेपर्यंत. ती अर्ध्याच रुंदीत लागत असेल तर पुढच्या दगडावर जाऊ नका. घाई इथेच होते. शेवटच्या दगडावर उतार आणि पाठ आळीपाळीने, दाब कमी करत करत, किनार गळून पडेपर्यंत.

धार लागली की नाही, हे पाइनच्या तुकड्याच्या टोकावर पाहा, म्हणजे जिथे तंतू उभे कापले जातात तिथे. पातं हातात धरूनच पातळ काप काढा. कापलेली जागा गुळगुळीत आणि किंचित गडद दिसली तर धार आहे. पांढुरकी, चुरडलेली दिसली तर परत १००० वर जा.

काही महिन्यांनी धार झिजत झिजत वाटीपर्यंत पोहोचते आणि धारेची सपाट पट्टी संपते. तेव्हा ‘उरादाशी’ करावी लागते. पात्याची पाठ ऐरणीच्या गोल कडेवर टेकवायची आणि उताराच्या मऊ लोखंडावर हातोडीच्या कोपऱ्याने हलके हलके टोले द्यायचे, म्हणजे पाठीकडे पोलाद केसभर पुढे येतं. टोला मऊ लोखंडावरच पडायला हवा. पोलादावर पडला तर पात्याला तडा जातो आणि तो दुरुस्त होत नाही. आधी जुन्या, टाकाऊ पात्यावर सराव करा.

शेवटी पात्याचे दोन्ही कोपरे, ‘मिमी’ म्हणजे कान, तिरके घासून घ्या. धार ठोकळ्याच्या तोंडापेक्षा किंचित अरुंद हवी. नाहीतर कडेची सालपटं खाचेत शिरून अडकतात. नव्या रंध्याचं तोंड चोंदण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

पातं ठोकळ्यात बसवणं

कन्नात वेगळी पाचर नसते. पातं स्वतःच पाचर असतं, वर जाड आणि धारेकडे पातळ. बाजूंच्या दोन खाचा ते धरून ठेवतात आणि खालची तिरकी बैठक त्याला पाठबळ देते. नव्या ठोकळ्यात बैठक मुद्दामच जराशी घट्ट ठेवलेली असते.

पात्याच्या बैठकीकडच्या बाजूला पेन्सिल घासून काळं करा. पातं हाताने खाचेत सरकवा, हातोडीचे दोन-तीन हलके टोले द्या आणि बाहेर काढा. काढायचं कसं, तर ठोकळ्याच्या डोक्याच्या, म्हणजे पात्यामागच्या टोकाच्या, कंगोऱ्यावर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पात्याच्या तिरक्या दिशेत टोले द्यायचे. अगदी मध्यभागी मारलं तर ठोकळा चिरण्याची भीती असते. बाहेर काढल्यावर बैठकीवर काळे डाग दिसतील. तिथेच पातं टेकतंय. डाग रुंद पटाशीने अगदी पुसल्यासारखे खरवडा. परत काळं करा, परत बसवा, परत पाहा.

माझ्या पहिल्या ठोकळ्याला हे पंधरा-सोळा वेळा करावं लागलं. सुरुवातीला दोनच मोठे डाग होते, दोन्ही वरच्या टोकाला. हळूहळू ते खाली उतरले, फुटले, लहान झाले, आणि शेवटी बैठकभर ठिपक्यांची नक्षी उमटली. ती दिसली की थांबा. आणखी खरवडलं तर पातं सैल होतं, आणि मग बैठकीवर पातळ कागद चिकटवायची वेळ येते. तोही उपाय आहे, पण तो दुसऱ्या रविवारी.

खाचांच्या रुंदीकडे विशेष लक्ष द्या. पात्याच्या दोन्ही कडांना खाचेच्या तळाशी साधारण अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळीक हवी. ती का हवी, हे मी नुकसान सोसून शिकलो. पुण्यात ऐन पावसाळ्यात मी माझा कन्ना बसवला. ठोकळा ओल धरून फुगलेला, मोकळीक पुरेशी आहे असा माझा समज. पातं ठोकलं आणि आत तसंच ठेवून दिलं. मार्चमध्ये हवा कोरडी झाली, ठोकळा रुंदीत आकसला, लोखंड काही आकसलं नाही. एका सकाळी कपाट उघडलं तर खाचेपासून तळापर्यंत बारीक चीर गेलेली होती. ठोकळ्याला त्या चिरेतून परत आणता येत नाही. तेव्हापासून काम संपलं की पातं दोन-तीन मिलिमीटर मागे घेऊन सैल करून ठेवतो.

वरचं छोटं पातं

मुख्य पात्याच्या वर आणखी एक लहान पातं बसतं, ‘उरागाने’. ते कापत नाही. सालपट वर येताच त्याला मोडून वळवतं, म्हणजे लाकूड पुढे फाटत जात नाही. जपानी रंध्यात ते मेइजी काळात (१८६८–१९१२) आलं. त्याआधीचे रंधे एकाच पात्याचे.

त्याची धार पाठीकडून सपाट करून घ्या आणि टोकाला ५० ते ६० अंशांचा बारीकसा उभा उतार द्या. मग दोन्ही पाती एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसायला नको. दिसला तर सालपट तिथेच घुसेल. दोन्ही पाती बोटांत दाबल्यावर डगडगत असतील, तर उरागानेच्या वरच्या टोकाला वाकवलेले दोन कान ऐरणीवर टोले देऊन सारखे करा. बसवताना ते मुख्य धारेच्या मागे नेहमीच्या कामाला अर्धा मिलिमीटर आणि अवघड, उलटसुलट रेषांच्या लाकडाला त्याहून जवळ ठेवा. जवळ नेताना हातोडी अलगद चालवा. उरागाने धारेपुढे सरकलं तर दोन्ही धारा बिघडतात.

तळ

ठोकळ्याचा तळ सपाट वाटतो, पण तो सपाट असायला नको. शेवटचा हात मारायच्या कन्नात तळ फक्त दोन ठिकाणी लाकडाला टेकतो: ओढण्याच्या दिशेच्या टोकाशी एक पट्टी आणि तोंडाच्या लगेच पुढे एक पट्टी. मधला भाग कागदाच्या जाडीएवढा खोल, तोंडामागचा भागही तसाच किंचित उचललेला. फळी सरळ करायच्या लांब रंध्यात मागच्या टोकाशी तिसरी पट्टीही टेकवतात. सगळा तळ टेकला तर घर्षण वाढतं, आणि ठोकळा जरासा वाकताच पातं लाकडापासून उचललं जातं. दोनच पट्ट्या असल्या की काय बिघडलं आणि कुठे, ते लगेच सापडतं.

हे करताना पातं ठोकळ्यात हवंच, धार तोंडापासून दोन मिलिमीटर मागे घेऊन. पात्याच्या दाबाने ठोकळा सूक्ष्म वाकतो. रिकाम्या ठोकळ्याचा तळ जमवला आणि मग पातं ठोकलं, तर सगळी मेहनत बिघडते.

आधी काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून तळ सरळ करून घ्या, नंतर ब्रशने चिकटलेली वाळू झाडून टाका. मग सरळ पट्टी तळावर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर धरून खिडकीकडे पाहा. कर्णांवर फरक दिसला तर तळाला पीळ आहे, तो सगळ्यांत आधी काढा. मधला भाग खोल करायला जपानी सुतार ‘दाइनाओशी’ नावाचा खास रंधा वापरतात. त्याचं पातं जवळजवळ उभं असतं आणि तो रेषांना आडवा ओढतात. तो नसेल तर रुंद पटाशी उभी धरून खरवडा. मी तीच वापरतो. तोंडापुढच्या पट्टीला पेन्सिलने खूण करून ठेवा, म्हणजे हात चुकून तिच्यावर जाणार नाही.

ओढताना

सरावाला पाइन किंवा देवदाराची गाठ नसलेली, सरळ रेषांची फळी घ्या. हिनोकी मिळालं तर उत्तमच, त्याच्या सालपटांना लिंबासारखा सुगंध येतो. नागानोच्या किसो खोऱ्यातल्या हिनोकीचं मोल इतकं, की एदो काळात (१६०३–१८६८) तिथे चोरून झाड तोडणाऱ्याबद्दल ‘एक झाड, एक मुंडकं’ असं बोललं जाई.

ठोकळा उलटा धरून टोकाकडून तळावर नजर टाका. पात्याच्या डोक्यावर टोले देत जा, तोंडात केसाएवढी काळी रेघ दिसेपर्यंत. रेघ एका बाजूला जाड असेल तर पात्याच्या वरच्या टोकाला बाजूने हलका टोला द्या. जास्त बाहेर आलं तर ठोकळ्याच्या डोक्यावर मारून मागे घ्या. टोल्याचा आवाज ऐका. पातं नीट बसलेलं असेल तर तो भरीव, ठणठणीत येतो.

आपला रंधा ढकलायचा असतो, हा ओढायचा. उजवा हात पात्याच्या पुढे ठोकळ्यावर, डावा पात्यावर आणि त्याच्या मागे. दंडाच्या जोराने ओढू नका. वजन मागच्या पायावर नेत संपूर्ण अंगाने मागे जा, लांब फळीवर पावलं मागे टाकत. सुरुवातीला दाब पुढच्या टोकावर, शेवटाला मागच्यावर. मधे थांबलात तर लाकडावर आडवी खूण उरते आणि ती पुढच्या हाताने सहसा जात नाही.

सालपट काय सांगतं ते वाचा. दोन्ही कडांनी सलग, अख्ख्या लांबीचं आलं तर सगळं जमलंय. मधेच फाटलं तर धार किंवा लाकडाची रेषा पाहा. एकाच कडेने आलं तर पातं तिरकं आहे. सुरुवातीला जाड येऊन पुढे विरत गेलं, तर तळाची पुढची पट्टी पाहा. जपानमध्ये १९९७ पासून ‘केझुरोकाई’ नावाचे मेळावे भरतात. तिथे सुतार दहा मायक्रॉनपेक्षाही पातळ सालपटं काढतात. माणसाचा केस त्याच्या सात-आठ पट जाड असतो. आपल्याला तिथवर जायची गरज नाही. सालपटाखाली वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली, तर घरच्या कामाला तो कन्ना भरपूर चांगला आहे.

हवा आणि ठोकळा

काम झालं की पातं पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवा. जपानमध्ये कॅमेलियाचं तेल वापरतात. आपल्याकडे शिवणयंत्राचं तेल चालतं, खोबरेल मात्र टाळा, ते थंडीत थिजतं. कन्ना आडव्या बाजूवर ठेवा, तळावर नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हा भाग दोनदा वाचा. जूनमध्ये पाऊस लागून आठवडा झाला, की सरळ पट्टी घेऊन तळ परत पाहा आणि पात्याच्या कडेची मोकळीक तपासा. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की पुन्हा एकदा. पहिल्या वर्षी ठोकळा बराच हलतो, दुसऱ्या वर्षी कमी. माझा दुसरा ठोकळा आता चौथ्या पावसाळ्यात आहे. गेल्या जूनमध्ये त्याच्या तोंडापुढच्या पट्टीला पटाशीचे दोनच हात लागले.